तेराव्यानंतरचं पण दाखवायला हवं होतं : न्यूयॉर्कचं नाइन इलेव्हन म्युझियम

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली लिहिलंय, आणि लांबलचक लिहिलंय, कारण हा विषय माझ्या घरातला आहे.

११ सप्टेंबर २००१ ला अतिरेक्यांनी विमानं आदळवून वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन टॉवर पाडले, त्याच जागी हे म्युझियम आहे. आत्तापर्यंत तीनदा गेले. पहिल्यांदा २०१४ मध्ये, म्युझियम सुरू झालं त्याच वर्षी, नवऱ्याबरोबर. दुसऱ्यांदा सासूबाई इकडे आल्या होत्या तेव्हा. आणि आता लेकीबरोबर, जी २००३ ची आहे, म्हणजे तिच्यासाठी हे सगळं शाळेच्या पुस्तकातलं. तिन्ही वेळा जागा तीच, वस्तू त्याच, पण तिन्ही वेळा बाहेर पडताना डोक्यात वेगळंच काहीतरी होतं, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू.

आधी कामाचं सांगते. वरचं मेमोरियल, म्हणजे ते दोन प्रचंड चौकोनी हौद आणि भोवती ब्राँझवर कोरलेली नावं, हे फुकट आहे, तिकिटाशिवाय चालत जाता येतं. तिकीट आहे ते जमिनीखालच्या म्युझियमला. २०१४ ला २४ डॉलर होतं, आता तीसच्या वर गेलंय, त्यामुळे चौघांचं कुटुंब असेल तर बऱ्यापैकी खर्च आहे. त्या दिवशी गेलेल्यांच्या घरच्यांना आणि मदतकार्यात राबलेल्यांना पैसे पडत नाहीत, ते योग्यच. सोमवारी संध्याकाळी काही फुकट तिकिटं असतात, ती ऑनलाइन आधीच घ्यावी लागतात, वेळ साइटवर बघून जा. आत जाताना विमानतळासारखी तपासणी होते. तीन तास हातात ठेवा. लहान मुलं असतील, म्हणजे दहाच्या आतली, तर मधलं ऐतिहासिक प्रदर्शन त्यांना दाखवू नका असं मी तरी म्हणेन, म्युझियमवाले पण तेच सांगतात. तिथे मधूनच बाहेर पडायला वाटा ठेवल्यात, कुणाला सहन झालं नाही तर, आणि हे मला फार आवडलं, कारण खरंच सहन होत नाही. त्या भागात फोटो काढायला बंदी आहे, ते पण बरंच आहे.

आता आतलं. तुम्ही वरच्या काचेच्या दालनातून आत शिरता, तिथे उत्तर टॉवरच्या दर्शनी भागाचे दोन गंजलेले त्रिशुळासारखे उंच पोलादी खांब उभे आहेत, आणि मग हळूहळू खाली उतरायला लागता. उतार आहे, लांब, अंधारा. कानावर आवाज यायला लागतात, जगभरातल्या लोकांचे, मी तेव्हा कुठे होतो, मला कसं कळलं, एकात एक मिसळलेले. मग भिंतीवर हरवलेल्या माणसांची पत्रकं येतात आणि विरून जातात, "यांना कुणी पाहिलंय का" वाली. खाली खाली जात तुम्ही साधारण सत्तर फूट खोल, थेट मूळ खडकापर्यंत पोचता. तिथे ती जाडजूड काँक्रीटची भिंत आहे, जिने हडसन नदीचं पाणी थोपवून धरलं होतं. वर दोन टॉवर कोसळले, ११० मजल्यांचे, तरी ती भिंत उभी राहिली. नवरा पहिल्या वेळी त्या भिंतीसमोर जो उभा राहिला तो पंधरा मिनिटं हललाच नाही. तो सिव्हिलवाला आहे त्यामुळे मला आधी वाटलं इंजिनीअरिंग बघतोय, पण तसं नव्हतं.

२००१ ला आम्ही जर्सी सिटीत राहायचो, लग्नाला वर्ष पण झालं नव्हतं. नवऱ्याचं ऑफिस नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये, टॉवरमध्ये नाही पण चालत दहा मिनिटांवर. मी खिडकीतून धूर बघत होते आणि फोन लागत नव्हता. तो दुपारी तीनला घरी आला, बोटीने. कुठली बोट, कुणाची, त्याला आजही सांगता येत नाही. केसांत, भुवयांत सगळी राख. गळ्यात एक बायकी ओला स्कार्फ होता, एका अनोळखी बाईने रस्त्यात बाटलीतलं पाणी ओतून त्याच्या तोंडावर बांधला होता आणि धाकट्या भावाचा धरावा तसा त्याचा हात धरून किनाऱ्यापर्यंत आणलं होतं. तिचं नाव आजपर्यंत माहीत नाही. त्या दिवशी साधारण नऊ तासांत पाच लाखांच्या आसपास माणसं अशी पाण्यावरून बाहेर काढली, फेरीबोटी, टगबोटी, जे तरंगेल ते, आणि कुणी कुणाला ओळखपत्र विचारलं नाही, तिकीट विचारलं नाही. तो स्कार्फ अजून आमच्या कपाटात आहे, धुतला नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे म्युझियमचं जे सगळ्यात मोठं यश आहे ते हेच, की अनोळखी माणसावर टाकलेला तो विश्वास, तो त्यांनी वस्तूंमधून पकडलाय. एक जिना आहे, रस्त्यावर उतरणारा साधा काँक्रीटचा जिना, ज्यावरून शेकडो लोक पळून वाचले, तो अख्खाच्या अख्खा उचलून तिथे ठेवलाय आणि तुम्ही त्याच्या शेजारून उतरता. आगीच्या बंबाची गाडी आहे, पुढचा भाग पार चुरगळलेली. शेवटचा खांब आहे, ३६ फुटी, २००२ च्या मे महिन्यात ढिगाऱ्यातून सगळ्यात शेवटी काढलेला, त्याच्यावर काम करणाऱ्यांनी लिहिलेली नावं, आकडे, चिकटवलेले फोटो. आणि विमानातून, ऑफिसातून घरी केलेले फोन, आन्सरिंग मशीनवर राहिलेले आवाज. मी दुसऱ्या वेळी ते हेडफोन कानाला लावले नाहीत.

फ्लाइट ९३, म्हणजे त्या दिवशी पळवलेलं चौथं विमान, त्याच्या भागापाशी मात्र दर वेळी थांबते. त्या विमानातल्या लोकांना फोनवरून कळलं की दुसरी विमानं टॉवरवर आदळवलीत, म्हणजे आपलंही तेच होणार. एकमेकांना ओळखत नसलेली माणसं, हातात काही मिनिटं, आणि एका फोनवरच्या बोलण्यानुसार त्यांनी आधी मत घेतलं की कॉकपिटवर धावून जायचं का. मतदान! मरण समोर असताना एकमेकांना विचारलं त्यांनी. लेक इथे हळू आवाजात म्हणाली, आई हे मला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं.

पण त्याच दिवसाची दुसरी बाजू पण आहे आणि ती नवऱ्याने मला सांगितली, त्याने नंतर चौकशी आयोगाचा अहवाल अख्खा वाचला. उत्तर टॉवर पेटल्यावर दक्षिण टॉवरमध्ये लाउडस्पीकरवर सांगण्यात आलं की ही बिल्डिंग सुरक्षित आहे, आपापल्या जागी जा. पुष्कळ लोक थांबले, काही जण जिना उतरत होते ते परत वर गेले. ९ वाजून ३ मिनिटांनी दुसरं विमान तिथेच आदळलं. ज्याने ती सूचना दिली त्याच्या मनात काही वाईट नव्हतं हो, खाली ढिगारा कोसळत होता, आत थांबणं बरं असं त्या क्षणी कुणालाही वाटलं असतं. पण मला हे विसरता येत नाही. अनोळखी बाईवर विश्वास टाकला म्हणून माझा नवरा वाचला आणि अधिकृत आवाजावर विश्वास टाकला म्हणून कुणाचा तरी नवरा वर गेला, आणि हे दोन्ही एकाच सकाळी, चालत दहा मिनिटांच्या टापूत.

सासूबाईंना घेऊन गेले तेव्हाचं सांगते. त्यांना इंग्रजी फारसं वाचता येत नाही, पण त्या वर हौदाच्या कडेने हात फिरवत फिरवत प्रत्येक नाव बघत होत्या आणि मध्येच थांबून, "हे आपल्यातलं दिसतंय गं," म्हणायच्या. खरंच आहेत भारतीय नावं, नव्वदहून जास्त देशांची माणसं गेली त्या दिवशी. कुठल्या तरी नावाच्या फटीत पांढरं गुलाब खोचलेलं होतं. ज्याचा वाढदिवस असतो त्याच्या नावावर त्या दिवशी असं फूल ठेवतात. मी त्यांना सांगत होते की तेव्हा इथे कसं वातावरण होतं, सगळे कसे एक झाले होते, घराघरावर झेंडे, रक्त द्यायला रांगा. राष्ट्राध्यक्ष बुशना पाठिंबा काही दिवसांत ९० टक्क्यांवर गेला होता, हल्ल्याच्या आदल्या आठवड्यात तो पन्नाशीच्या घरात होता. सरकारवर भरवसा आहे म्हणणारे ऑक्टोबर २००१ मध्ये ६० टक्के होते, त्याआधीच्या तीस वर्षांत एवढा आकडा कधी आला नव्हता आणि नंतर तर कधीच नाही.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घरात मयत झालं की सगळे एक होतातच की. तेरावं झालं की मग बघायचं कोण कुठल्या खोलीचं कुलूप बदलतंय."

मला त्या दिवसापासून हे वाक्य सोडत नाहीये. कारण म्युझियम नेमकं तेराव्यापर्यंत थांबतं असं मला वाटतं. म्हणजे अगदी थांबतं असं नाही, शेवटच्या भागात नंतरचं येतं, जागेची पुनर्बांधणी, पुढचे प्रश्न, थोडं थोडं सगळ्याला हात लावलाय. पण वजन कुठे आहे बघा. त्या एका सकाळीचं मिनिट न् मिनिट आहे, आणि त्यानंतरच्या वर्षांना त्या मानाने फारच कमी जागा. माझा एक स्टार तिथे गेला. ज्यांनी एवढ्या प्रेमाने, एवढ्या कष्टाने लोकांनी टाकलेला विश्वास दाखवला त्यांनी त्या विश्वासाचं पुढे काय केलं गेलं ते पण तेवढ्याच ताकदीने दाखवायला हवं होतं, त्यांना ते जमलं असतं.

कारण खूप काही झालं. हवेचंच घ्या. हल्ल्यानंतर एका आठवड्याने, १८ सप्टेंबरला, पर्यावरण खात्याच्या प्रमुख बाईंनी सांगितलं की न्यूयॉर्कची हवा श्वास घ्यायला सुरक्षित आहे. लोकांनी मानलं. का नाही मानणार, ६० टक्क्यांचा काळ होता तो. ढिगाऱ्यावर माणसं महिनोन्महिने राबली, कित्येक जण धड मास्कशिवाय. २००३ मध्ये त्याच खात्याच्या अंतर्गत तपासणीत निघालं की असं सरसकट सांगण्याएवढी माहितीच तेव्हा हातात नव्हती. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाची ३४३ माणसं त्या दिवशी गेली. त्यानंतर त्या धुळीच्या आजारांनी गेलेल्यांचा त्याच दलातला आकडा आता त्याच्याही पुढे गेलाय. वर मेमोरियलमध्ये २०१९ मध्ये त्यांच्यासाठी एक वेगळी जागा केली, सहा मोठे ओबडधोबड दगड, त्यांच्या भेगांमध्ये टॉवरचं पोलाद भरलंय. ही जागा चुकवू नका, बहुतेक लोक झाडीतून सरळ हौदाकडे जातात आणि हे राहूनच जातं. मला अख्ख्या परिसरात सगळ्यात खरी वाटलेली गोष्ट तीच.

मग कायदे. सप्टेंबर २००१ मध्ये ५५ टक्के लोक म्हणत होते की दहशतवाद रोखायचा तर आपले काही हक्क सोडावे लागतील. मी पण तेच म्हटलं असतं कुणी विचारलं असतं तर, खोटं कशाला बोलू. नवरा राख माखून घरी आला होता, मला हक्क वगैरे काही सुचत नव्हतं, मला फक्त तो रोज संध्याकाळी परत यायला हवा होता. पेट्रियट अॅक्ट (सरकारला पाळत ठेवायचे जास्तीचे अधिकार देणारा कायदा) सहा आठवड्यांत झाला, सिनेटमध्ये ९८ विरुद्ध १. लष्करी कारवाईचा अधिकार देणारा ठराव तर तीन दिवसांत, संसदेच्या दुसऱ्या सभागृहात, हाउसमध्ये, ४२० विरुद्ध १, आणि ते एक विरोधी मत देणाऱ्या खासदार बार्बरा ली बाईंना इतक्या धमक्या आल्या की संरक्षण घ्यावं लागलं. मला तेव्हा त्यांचा राग आला होता हे मला स्पष्ट आठवतंय. आपलं माणूस गेलं असताना ही बाई हिशोब काय मागते, असं वाटलं होतं. आता वाटतं की शोकातसुद्धा कुणीतरी हिशोब मागणारं असावं लागतं घरात, आणि त्याला गप्प बसवायचं नसतं.

इथे एक गोष्ट मात्र मला खरंच कळायला वेळ लागला, आणि संकट आलं की माणसं कोत्या मनाची होतात असं जे लोक सरळ सरळ बोलतात, त्यांनी ही नीट बघावी. मार्च २००१ मध्ये अमेरिकन मुसलमानांबद्दल चांगलं मत असणारे ४५ टक्के होते. नोव्हेंबर २००१ मध्ये, म्हणजे हल्ल्यानंतर दोन महिन्यांत, ते ५९ टक्के झाले. वाढले! उलट दिशेला. १७ सप्टेंबरला बुश वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरमध्ये गेले, बूट काढून उभे राहिले आणि म्हणाले की हे आपलेच लोक आहेत, यांना त्रास द्यायचा नाही. त्या माणसाचं पुढचं बरंच काही मला अजिबात पटत नाही, इराकचं तर नाहीच, पण त्या दिवशी त्यांनी ते केलं आणि लोकांचा त्यांच्यावर तेव्हा एवढा विश्वास होता की त्यांचं ऐकलं गेलं. आणि त्याच वर्षी, एफबीआयच्या नोंदीत मुसलमानांविरुद्धचे द्वेषाचे गुन्हे २८ वरून ४८१ वर गेले. मुसलमानच काय, पहिला बळी तर ॲरिझोनाच्या मेसा गावातले बलबीरसिंग सोढी, शीख, १५ सप्टेंबरला स्वतःच्या पेट्रोल पंपाबाहेर गोळी घातली, पगडी बघून.

तर हे दोन्ही आकडे एकत्र कसे? मी खूप विचार केलाय ह्याचा. मला वाटतं एखाद्या मोठ्या धक्क्यानंतर माणसाचं मन पातळ होतं, मऊ मेणासारखं, आणि त्या वेळी जो हात लागेल त्याचा ठसा उमटतो. बहुतेकांवर चांगला उमटला. पण जे थोडे बिघडले त्यांना रस्त्यावर यायला फार संख्या लागत नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक म्हातारे इटालियन वंशाचे गृहस्थ होते, त्यांनी १३ तारखेला आमच्या दाराशी येऊन एक छोटा कागदी झेंडा दिला आणि दारावर लावा म्हणाले. प्रेमाने दिला. आम्ही लावला, मनापासून लावला, आम्हाला पण दुःख होतंच. पण लावताना आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांच्याही मनात तेच होतं की आता कुणी दार वाजवणार नाही. त्या झेंड्यात दुःख किती होतं आणि भीती किती होती हे मला आजही वेगळं काढता येणार नाही. तेव्हा इथल्या कितीतरी टॅक्सीवाल्यांनी आणि दुकानदारांनी, आपल्यासारख्या रंगाच्या, असेच झेंडे लावले होते. हे कुठल्या काचेच्या पेटीत ठेवता येईल का, माहीत नाही, पण मी तरी ठेवलं असतं.

माझ्या टीममध्ये कराचीचा एक मुलगा होता, डबा आम्ही एकत्र खायचो. २००२ च्या शेवटी पंचवीस देशांच्या पुरुषांना सरकारी ऑफिसात जाऊन नाव नोंदवणं, बोटांचे ठसे देणं सक्तीचं झालं. त्या यादीतले उत्तर कोरिया सोडून जवळजवळ सगळे देश मुस्लिमबहुल, भारत त्यात नव्हता. ऐंशी हजारांवर लोकांनी नोंदणी केली, तेरा हजारांवर लोकांना देशाबाहेर काढायची प्रक्रिया सुरू झाली, आणि दहशतवादाचा गुन्हा त्यातून एकावरही शाबीत झाला नाही. तो कार्यक्रम २०११ ला थांबवला आणि २०१६ च्या डिसेंबरात पूर्ण काढून टाकला. आमचा तो मित्र नोंदणी करून आला आणि दोन महिन्यांत बायकोमुलाला घेऊन कॅनडाला गेला. जाताना म्हणाला, "दीदी, मैंने तो भरोसा करके नाम लिखवाया था।" मी काय बोलणार होते.

आता मेमोरियलवरच्या एस-६६ ह्या फलकाबद्दल, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले.

दक्षिण हौदाच्या कडेला एस-६६ नंबरचा फलक आहे, त्यावर मोहम्मद सलमान हमदानी हे नाव आहे. तेवीस वर्षांचा, कराचीत जन्मलेला, तेरा महिन्यांचा असताना इकडे आलेला, क्वीन्सच्या बेसाइडमध्ये वाढलेला. पोलीस कॅडेट म्हणून काम केलेला, इमर्जन्सी मेडिकलचं शिक्षण झालेला. त्या सकाळी तो कामावर जायला निघाला आणि पोचलाच नाही. सगळं सांगतं की वाटेत धूर दिसला आणि तो मदतीला तिकडे वळला. पण त्याचं प्रेत सापडत नव्हतं आणि नाव हे असं, त्यामुळे संशय आला. पोलीस घरी येऊन चौकशी करून गेले, त्याचा कॅडेटचा फोटो लावलेलं, सापडला तर ताब्यात घ्या म्हणणारं पत्रक फिरलं, एका वर्तमानपत्राने तो हरवलाय की लपलाय असा मथळा दिला. त्याच ऑक्टोबरमध्ये पेट्रियट अॅक्टच्या मजकुरात, हो त्याच कायद्यात, अरब आणि मुस्लिम अमेरिकनांच्या शौर्याचं उदाहरण म्हणून त्याचं नाव छापलं गेलं. एकाच महिन्यात एकाच देशात हा मुलगा कायद्याच्या कागदावर वीर होता आणि पोलिसांच्या कागदावर संशयित. मार्च २००२ मध्ये घरच्यांना कळवलं की त्याचे अवशेष उत्तर टॉवरजवळ मिळालेत. एप्रिलमध्ये पोलिसांच्या पूर्ण सन्मानात अंत्यविधी झाला, मेयर बोलले, कमिशनर हजर होते.

आणि तरी त्याचं नाव वर पोलीस आणि अग्निशमनवाल्यांच्या रांगेत नाही. ते ह्या शेवटच्या फलकावर आहे, जे कुठल्याच कंपनीत, कुठल्याच गटात बसत नव्हते त्यांच्यात, शेजारी कोरी जागा. कारण त्या दिवशी तो नोकरीवर नव्हता, अधिकृत यादीत बसत नव्हता. नियम असेल. ह्या मेमोरियलची नावं लावायची पद्धत इतकी सुंदर आहे, अकारविल्हे नाही, कोण कुणाजवळ होतं, कोण कुणाचं मित्र होतं हे घरच्यांना विचारून, अशा जवळजवळ बाराशे विनंत्या घेऊन ती मांडलीत. जिथे दोन मैत्रिणींना शेजारी ठेवायला एवढा खटाटोप केला तिथे ह्या मुलाला तो ज्यांच्या मदतीला धावला त्यांच्यात एक जागा नाही मिळाली. त्याच्या आईने वर्षानुवर्षं ही मागणी लावून धरली. २०१४ मध्ये बेसाइडच्या रस्त्याला त्याचं नाव दिलं गेलं, ते तरी झालं.

त्याच २०१४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी मुस्लिम वस्त्या, मशिदी, उपाहारगृहं ह्यांच्यावर नजर ठेवणारा त्यांचा विभाग बंद केला, ज्याच्यातून तपासाचा एकही धागा हाती लागला नव्हता असं त्यांच्याच अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलंय. आणि मे महिन्यात हे म्युझियम उघडलं. उघडायच्या आधी अल कायदाच्या उदयावरच्या आतल्या साधारण सात मिनिटांच्या फिल्मवरून वाद झाला, सल्लागार म्हणून बोलावलेल्या वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनीच म्हटलं की ह्यातली भाषा ऐकून नवखा माणूस हल्लेखोरांत आणि साध्या मुसलमानांत फरक करणार नाही, एका इमामांनी तर राजीनामा दिला. म्युझियमने फिल्म तशीच ठेवली. मी ती तिन्ही वेळा बघितली. मला वाटत नाही ती खोटी आहे. हल्ला कुणी केला हे स्पष्ट सांगायलाच हवं, ते गुळमुळीत करून कुणाचं भलं होत नाही. पण तिच्या बाहेर पडल्या पडल्या समोर एस-६६ ची गोष्ट असती ना, तेवढीच मोठी, तेवढ्याच अंधारात, तर मग तीच फिल्म पण वेगळी दिसली असती.

आतल्या दुकानाबद्दल खूप लोकांनी वाईट लिहिलंय, उघडलं तेव्हा पण गेलेल्यांच्या घरच्यांपैकी कित्येकांना ते सहन झालं नाही. मी कधी आत गेले नाही, त्यामुळे बोलत नाही.

परतताना ट्रेनमध्ये लेक म्हणाली, "तुम्ही लोकांनी कशावर पण विश्वास ठेवलात. हवा चांगली आहे म्हटलं, हो. युद्ध करतो म्हटलं, हो." तिची पिढी अशीच आहे, तिला कशावरच विश्वास नाही, आणि सरकारवर भरवसा असणारे आता वीसेक टक्क्यांच्या आसपासच असतात त्यामुळे ती काही वेगळी नाही. मी तिला म्हटलं, बाळा, बाबा ज्या बोटीत चढला तिचं पण लायसन्स त्याने बघितलं नव्हतं. ती गप्प झाली, मी पण. कारण तिचं चूक नव्हतंच. मग मी तिला त्या घरच्या बायकांबद्दल सांगितलं, न्यू जर्सीच्याच, नवरे टॉवरमध्ये गेलेल्या, ज्यांनी हातात फाइली घेऊन वॉशिंग्टनच्या चकरा मारल्या आणि सरकारला नको असताना चौकशी आयोग नेमायला लावला. २००४ च्या जुलैमध्ये त्याचा अहवाल आला, तोच जो तिच्या बाबाने वाचला. लोकांनी पुस्तकाच्या दुकानातून विकत घेऊन वाचला तो. ह्या बायकांचा देशावर विश्वास नव्हता का? होता म्हणूनच तर विचारायला गेल्या. लेकीने फोनवर ते लगेच शोधायला घेतलं, तिची सवय, सांगितलेलं तपासून बघायचं. घेऊ दे.

तर जा. नक्की जा. उतारावर घाई करू नका. आधी खालचं बघा, मग वर येऊन सहा दगडांकडे जा, मग दक्षिण हौदाशी. नावं शोधायला तिथे स्क्रीन आहेत, फोनवर पण शोधता येतं, नाव टाकलं की फलक नंबर येतो. आम्ही ह्या वेळी पाचच्या सुमारास पोचलो होतो एस-६६ ला, पाण्याचा आवाज इतका असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. लेकीने पिशवीतून नवऱ्याचा तो स्कार्फ काढला, मला न सांगता आणला होता तिने, आणि त्या नावाशेजारच्या कोऱ्या जागेवर क्षणभर ठेवला, आणि परत घडी करून पिशवीत टाकला.